हात धुऊन उंची वाढत नाही, म्हणून हात धुणं सोडायचं?

माता-बाल पोषणाच्या कामाविरुद्धचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: ‘हात धुणं, संडास, पाणी शुद्ध करणं यांनी मुलांची वाढ सुधारत नाही, हे मोठ्या अभ्यासांनीच दाखवून दिलंय. आयांना सगळं ठाऊक असतं, त्यांना शिकवायची गरज नाही. बायकांच्या बैठकांतून काही निघत नाही. पौष्टिक पाकिटं घरपोच द्या आणि बाकीचे कार्यक्रम बंद करा.’

यातलं काही खरं आहे, म्हणून तर तो पटतो. पण एवढ्यावर विसंबून कुणी काम थांबवलं, तर त्याची किंमत लहान मुलं मोजतील. म्हणून एकेक विधान घेऊ.

‘अभ्यासांनीच दाखवून दिलंय’

हे अभ्यास म्हणजे बांगलादेश आणि केनियातले (निष्कर्ष 2018) आणि झिंबाब्वेतला (2019). गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांची दीड-दोन वर्षांची होईपर्यंत पाहणी केली गेली. स्वच्छतेच्या उपायांनी मुलांची उंची वाढली नाही, हे तिन्ही ठिकाणी दिसलं. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे.

पुढचं त्यात नाही. बांगलादेशात काहीच उपाय न केलेल्या गटात, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात जुलाब झालेली मुलं 5.7 टक्के होती. हात धुण्याच्या गटात ती 3.5 टक्के निघाली. केनियात जुलाब कमी झाले नाहीत. तिथे घरभेटी बांगलादेशापेक्षा कितीतरी कमी होत्या आणि दुसऱ्या वर्षी हात धुण्याच्या जागी साबण-पाणी सापडणं बरंच घटलं. झिंबाब्वेत, ज्या घरांना वरच्या आहाराचा सल्ला आणि पूरक आहार मिळाला, तिथे खुरटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आलं. म्हणजे त्याच अभ्यासात, घरी जाऊन शिकवण्याची जोड असलेला आहाराचा कार्यक्रम उपयोगी ठरला. ‘शिकवायची गरज नाही’ म्हणणाऱ्याने हाच पुरावा वगळावा, हे बरं नाही.

उंची का वाढली नाही, याचं पटणारं उत्तर असं की घाण पुरेशी हटलीच नाही. मोठी माणसं संडासात गेली तरी रांगणारं बाळ अंगणातली माती तोंडात घालतं आणि त्या मातीत कोंबड्यांची विष्ठा असते. तान्ह्याची शी ‘निरुपद्रवी’ समजून उकिरड्यावर टाकली जाते. खेळायला धुता येईल अशी चटई, कोंबड्यांना रात्री वेगळी जागा, बाळाची शी संडासातच, हे सगळं एकत्र आणि रोज झालं तरच जंतूंचा भार खरोखर उतरतो. अर्धवट केलेल्या उपायाने उंची वाढली नाही, यावरून उपायच नको हे निघत नाही.

हात धुण्याचं घोडं बहुतेक घरांत एकाच जागी अडतं: साबण एकीकडे, पाणी दुसरीकडे. टांगलेला पाच लिटरचा डबा, झाकणाखाली चार बोटांवर तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक, डबा कलता करायला पायाने दाबायची काठी आणि डब्याला बांधलेला साबण एवढं पुरतं. भोक मोठं पडलं की पाणी भराभर संपतं आणि दोन दिवसांत डबा कोरडा लटकत राहतो. वडी आंघोळीला पळवली जात असेल, तर दीड लिटर पाण्यात 30 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून बाटली भरावी, झाकणाला बारीक भोक पाडावं आणि वर ‘पिऊ नका’ अशी ठळक खूण करून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. जागा दोनच हव्यात: संडासाजवळ आणि स्वयंपाकाजवळ. तिसरी केली की एकही नीट सांभाळली जात नाही.

‘आयांना सगळं ठाऊक असतं’

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं खाणं हे बहुतेकींना तोंडपाठ असतं. गाडी अडते ती वाटीत काय आणि किती, इथे. हिशेब करून पाहा. सात-आठ महिन्यांचं, आठ किलोचं बाळ एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे 240 ग्रॅमपर्यंत खाऊ शकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला या वयात वरच्या अन्नातून रोज साधारण 200 कॅलरी लागतात. पातळ पेजेच्या एका ग्रॅममध्ये 0.3 कॅलरी धरली, तर दोनदा अगदी पोट भरूनही 144 च होतात. वर पोट पाण्याने भरल्यामुळे दूधही कमी प्यायलं जातं. तेच अन्न ग्रॅमला एक कॅलरी इतकं दाट असेल, तर शंभर-शंभर ग्रॅम दोनदा पुरे.

आई पेज पातळ करते ती अज्ञानाने नव्हे. दाट दिलं की बाळ खोकतं, तोंडातून बाहेर काढतं, वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्ष दाखवावं लागतं. चमचा तिरका धरा. अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, ओघळता कामा नये. दाट अन्न चांगलं कुस्करा, हवं तर आईचं दूध थोडं घालून मऊ करा, पाणी ओतू नका. चहाचा एक चमचा तेल 40-45 कॅलरी देतं, पण त्यापुढे तेलच वाढवत गेलं तर प्रथिनं आणि लोह मागे पडतात. नऊ महिन्यांनंतर वरच्या अन्नातून 300 आणि वर्षानंतर 550 कॅलरी लागतात. धान्य, डाळी, दूधदुभतं, अंडी, मांस-मासे, पिवळी-हिरवी फळं-भाज्या, इतर फळं-भाज्या आणि आईचं दूध या आठ गटांपैकी रोज किमान पाच पोटात जायला हवेत.

गरिबी हे खरं कारण आहे आणि जिथे डाळ परवडतच नाही तिथे सल्ला पुरत नाही, हे मान्य. पण ज्या घरात डाळ शिजते आणि बाळाच्या वाटीत फक्त वरचं पाणी येतं, तिथे उणीव पैशाची नसते.

‘बैठकांतून काही निघत नाही’

बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळमधल्या, बायकांच्या अशा बैठकांवरच्या सात चाचण्यांचा एकत्रित हिशेब 2013 मध्ये मांडला गेला. गरोदर स्त्रियांपैकी किमान 30 टक्के जिथे गटात आल्या, तिथे नवजात मृत्यू सुमारे 33 टक्के आणि मातामृत्यू सुमारे 49 टक्के कमी होते. हे आकडे मृत्यूंचे आहेत, पोषणाचे नाहीत. पण ‘काही निघत नाही’ याला एवढं उत्तर पुरे. त्या बैठकांत भाषण नव्हतं. बायकाच अडचण निवडत, उपाय ठरवत, तो करून पाहत आणि पुन्हा भेटत.

फसणाऱ्या बैठका ओळखू येतात. वेळ पाणी भरण्याची असते, बोलते एकच बाई आणि घरात ज्यांच्या शब्दाने ताटं वाढली जातात ती माणसं आलेलीच नसतात. एका स्वयंसेविकेकडे दहा ते पंधराच घरं असावीत. चाळीस दिली की ती घरी जाणं सोडते आणि वहीत खुणा करते. बांगलादेशात 1980 ते 1990 या काळात जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी करायला घरोघरी शिकवलं, तेव्हा शिकवणारीचा मोबदला आयांच्या किती लक्षात राहिलं यावर ठरायचा. किती घरं झाली हे मोजण्यापेक्षा ही मोजणी कितीतरी प्रामाणिक.

‘पाकिटं द्या, बाकी बंद करा’

पाकिटांचा उपयोग आहे. पाकिटातल्या पूरक पेस्टचं नेहमीचं माप दिवसाला 20 ग्रॅम असतं. पण ते चार भावंडांत वाटलं गेलं, तर कुणालाच पुरेसं मिळत नाही. जेवणाऐवजी दिलं, तर पूरक उरत नाही. जुलाब लागलेल्या बाळाला नुसतं पाकीट पुरत नाही; क्षारसंजीवनी हवी, सोबत दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी (सहा महिन्यांखाली रोज 10 मिलिग्रॅम, वर 20) आणि जुलाब सुरू असतानाही नेहमीचं खाणं. पाकीट आईपर्यंतही पोचत नाही. गरोदरपणात तिला रोज 30 ते 60 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड लागतं. मळमळतं म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. जेवणानंतर रात्री घ्या, चहापासून दीड-दोन तास लांब ठेवा, बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि भाज्या वाढवा, एवढं सांगणारं आणि पुढच्या भेटीत उरलेल्या गोळ्या मोजणारं कुणीतरी लागतं.

आणि पाकीट कुणाला द्यायचं हे ठरवणार कोण? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडून पट्टीने मोजतात. 125 मिलिमीटरच्या खाली आलं तर कुपोषण, 115 च्या खाली तर तीव्र कुपोषण, लगेच उपचार. पट्टी कातडीत रुतली की माप खोटं कमी येतं, ढिली राहिली की आजारी मूल सुटतं. नायजरमध्ये आयांना हे शिकवलं, तेव्हा त्यांचं माप आरोग्यसेवकांच्या तोडीचं निघालं. ते त्यांना शिकवलं होतं, कुणीतरी त्यांच्यापर्यंत जाऊन, पट्टी हातात देऊन.