‘डीसन्ट’ म्हणजे फक्त ‘सभ्य’ नव्हे

‘डीसन्ट म्हणजे सभ्य, हा शब्द फक्त माणसांना आणि कपड्यांना लावायचा, पगाराला किंवा जेवणाला लावला तर चूक’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

‘डीसन्ट’ (decent) हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ ‘शोभणे, योग्य असणे’. त्यामुळे ‘ए डीसन्ट सॅलरी’ म्हणजे बऱ्यापैकी, पुरेसा पगार. आपल्या राज्यघटनेच्या कलम 43 मध्ये कामगारांसाठी ‘डीसन्ट स्टँडर्ड ऑफ लाइफ’ म्हटले आहे. तिथे सभ्यतेचा संबंध नाही, माणसाला साजेसे राहणीमान अभिप्रेत आहे.

कौतुक करताना मात्र जपून. ‘द फूड वॉज डीसन्ट’ म्हणजे ‘जेवण बरं होतं’. यजमानांसमोर असे म्हटले तर ते हिरमुसतील. तिथे ‘एक्सलंट’ किंवा ‘डिलिशस’ म्हणा. ‘दॅट वॉज डीसन्ट ऑफ यू’ मध्ये अर्थ पुन्हा बदलतो: तुम्ही चांगुलपणा दाखवलात. आणि दाराबाहेरून कुणी ‘आर यू डीसन्ट?’ विचारले, तर तो चारित्र्यावर संशय नसतो. अंगावर नीट कपडे आहेत ना, एवढेच विचारलेले असते.

‘इनडीसन्ट’ हा सगळ्या अर्थांचा विरुद्धार्थी शब्द नाही. तो मुख्यतः अश्लील, असभ्य यासाठी. कमी पगाराला ‘लो’ किंवा ‘पुअर’ म्हणावे.

उच्चारात जोर पहिल्या ‘डी’वर. आपल्याकडे सर्रास ‘डिसेंट’ म्हणतात. जोर शेवटी गेला की इंग्रजी कानाला descent (‘उतार’) किंवा dissent (‘मतभेद’) हा वेगळाच शब्द ऐकू येतो.