विसाव्याच्या गावांचं काय?

आषाढी वारीवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुढे सरकली की दोन दिवसांत वाटेवरची गावं पूर्ववत होतात. मुक्कामाच्या गावांचं एक वेळ मान्य. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव इथे टँकर, फिरती शौचालयं, आरोग्य पथक, वरून आलेले सफाई कामगार, सगळं असतं. पण दोन मुक्कामांच्या मधल्या गावांचं काय? आमचं गाव वेळापूरच्या पुढचं. पालखी इथे राहत नाही, त्यामुळे कागदावर आम्हाला फारसं काही लागतच नाही! प्रत्यक्षात दिंड्यांचे ट्रक पहाटेच पुढे येतात, रानात चुली पेटतात आणि दुपारची जेवणं आमच्याच शेतात होतात. शौचालयं मात्र मुक्कामी, म्हणजे माणसं आडोसा बघून ओढ्याकडे जाणार. दुसरं करतील तरी काय? वर पाऊस झाला की ते सगळं खालच्या विहिरीत. ग्रामपंचायतीचे मोजके कर्मचारी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकत फिरतात, पण पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या पुढे आठवडाभर बांधाला अडकलेल्या असतात. पेरणीचे दिवस, त्यात ट्रकच्या चाकांनी दाबलेलं रान पुन्हा मोकळं करायचा खर्च शेतकऱ्याचाच.

वारकऱ्यांबद्दल तक्रार नाही, आमच्या घरी त्या दिवशी पिठलं-भाकरी शंभरेक माणसांची होते आणि आईला त्यात कमीपणा चालत नाही. राग आहे तो नियोजनावर. निधी मुक्काम बघून न देता कुठल्या गावात किती दिंड्या जेवतात ते बघून द्या. दिंड्यांची यादी आणि त्यांच्या जेवणाच्या जागा तर दरवर्षी ठरलेल्याच असतात.