खुलासा : ‘एमआरआयमध्ये नव्या मेंदूपेशी मोजता येतात’ हा मेसेज चुकीचा आहे

जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूत नव्या पेशी आपोआप येतात आणि एमआरआयमध्ये त्या मोजता येतात, असा मेसेज फिरतोय. एमआरआयमध्ये इजा दिसते. नव्या पेशींची मोजणी होत नाही.

ती मोजणी उंदरांच्या पिल्लांवर होते. बीआरडीयू हे खूण करणारं रसायन टोचतात, विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत ते बसतं, मग मेंदूचे काप रंगवून पाहतात. पण डीएनए दुरुस्त करणारी जखमी पेशीही थोडं बीआरडीयू घेऊ शकते, आणि नव्या पेशींतल्या कित्येक ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) निघतात, कित्येक मरतात. म्हणून काही आठवड्यांनी त्याच पेशीत न्यूएन हे प्रौढ चेतापेशीचं प्रथिन दिसलं, तरच ती मोजायची.

मेसेज पुढे पाठवू नका. मध्यम ते तीव्र इजेत थंडावा-उपचार (बाळाचं शरीर थंड ठेवणं) जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. खोट्या दिलाशात ती वेळ जाऊ नये.