ढिगालाही क्रम असतो

मी एक मीटर चाळीस सेंटिमीटर आहे. उंचीने नव्हे, वाङ्मयाने. हे माप परवा एका मुलीने शिंप्याच्या टेपने घेतलं, वहीत टिपलं आणि मान वर न करता म्हणाली, "सर, फायली जरा फुगल्यात. नीट बसवल्या तर सव्वा मीटरमध्ये मावाल."

मावाल!

कागदपत्रं सांभाळणाऱ्यांच्या जगात लेखक पुस्तकांनी मोजत नाहीत, पानांनीही नाही. त्याची खोकी फळीवर ओळीने उभी करायची आणि ती किती फळी अडवतात ते बघायचं, की झालं त्याचं माप. एक खोकं बारा-तेरा सेंटिमीटर जाडीचं. म्हणजे मी अकरा खोकी. जीव ओतून लिहिलेलं, पाट्या टाकून लिहिलेलं, दिवाळी अंकांसाठी रात्री जागून खरडलेलं, सगळं मिळून अकरा. "बरेच जण याहून कमी भरतात," ती म्हणाली. ही शाबासकी होती की समजूत काढणं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

झालं होतं असं, की एका संग्रहाने माझे कागद मागितले. "आपल्या पश्चात आपल्या कागदपत्रांची हेळसांड होऊ नये" अशी पत्राची सुरुवात. प्रकृती कशी आहे वगैरे विचारायच्या आतच मला पश्चात नेऊन बसवलं. तरी मी हो म्हटलं. ज्याची हयातीत यथेच्छ हेळसांड झाली, तो माणूस पश्चातची सोय झाली तर सोडतो की काय!

आता पाहणीला कुणी येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतो. मीही आवरलं. पलंगाखालचे, कपाटावरचे, माळ्यावरचे गठ्ठे उतरवले. कथा एकीकडे, लेख एकीकडे, पत्रं सालवार, त्यातही आडनावांप्रमाणे. रंगीत फायली आणल्या, वर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. लग्नापासून जे ती सांगत आली, ते एका परक्या संस्थेच्या दोन ओळींच्या पत्राने घडत होतं. ती एक शब्द बोलली नाही. ते न बोलणं मी पाठीवर झेललं.

मुलगी आली. कपाट उघडलं. आणि तिचा चेहरा असा पडला, की माझ्या जागी दुसरा कुणी असता तर पाणी आणायला धावला असता.

"सर, हे लावलं कुणी?"

"मी. स्वतः." मी जरा छाती काढून.

"आधी कसं होतं?"

"आधी? आधी ढीग होते."

"कशावर काय होतं, आठवतंय?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. नव्हती. त्यांच्या शास्त्रात म्हणे मूळ क्रमाला हात लावायचा नसतो. लेखकाने कवितेच्या कागदाखाली दवाखान्याची चिठ्ठी ठेवली असेल, तर ती तिथेच राहू द्यायची, कारण ते शेजारपणच काहीतरी सांगत असतं. तिघा डच गृहस्थांनी १८९८ साली यावर शंभर नियमांचं पुस्तक लिहून ठेवलंय आणि जगभर त्यावरच हा धंदा चालतो. त्या तिघांपुढे सरकारी दप्तरं होती, माझा पलंग नव्हता, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

"ढिगालाही क्रम असतो, सर," ती शांतपणे म्हणाली.

"मी किती वर्षं हेच सांगत होतो!" हे मी बायकोकडे बघून. आणि इथे त्या बाईने पक्ष बदलला. "मग आवरलंत कशाला?" ती म्हणाली. "चांगला क्रम होता."

यानंतर तपासणी. तपासणी म्हणजे काय, तर लेखनावर एक नजर नाही, सगळं लक्ष पिनांवर. माझी पहिली कथा मी आणि इतिहासाने एका टाचणीने जोडून ठेवली होती. तिने खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली, वरून चपट्या सुरीने टाचणीचं टोक हलकेच उचललं, आणि गंजाचा तांबूस भुगा कथेच्या पहिल्या वाक्यावर सांडला. टाचणी निघाली, तिची सावली कागदात तशीच राहिली, खालच्या सात पानांतून आरपार. ती टाचणी तिने एका डबीत टाकली. कथा न वाचताच बाजूला ठेवली.

रबरबँड आधी चिकट होतात आणि मग कडक होऊन कागदाला डसतात. चिकटपट्टी तर महापाप. तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा होतो, आणि वरची पट्टी एक दिवस आपोआप गळून पडते, डाग कायम. फाटलेली सगळी पानं मी प्रेमाने चिकटपट्टीनेच सांधली होती. लॅमिनेट केलेली चार प्रशस्तिपत्रं बघून तर तिने नुसते डोळे मिटून घेतले. ते म्हणे परत सोडवताच येत नाही. प्रशस्तिपत्र कायमचं गुदमरतं. (त्यातलं एक मला तिसऱ्या क्रमांकाबद्दल होतं. त्याचं गुदमरणं मला मंजूर आहे.)

मला वाटलं होतं, निदान पांढरे हातमोजे घालून माझ्या हस्तलिखितांना हात लावतील. कोण आशा! तिने साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि थेट भिडली. "हातमोजे सिनेमात, सर. हातमोज्यात बोटांना कडा कळत नाही, कागद फाटतो."

कात्रणांच्या फायलीवर मात्र आमचं जमलं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने स्वतः जळतो आणि शेजारच्यालाही पिवळा करतो. त्याची चांगल्या कागदावर प्रत काढायची आणि मूळ दूर ठेवायचं. माझ्या कादंबरीवर एका समीक्षकाने लिहिलेलं कात्रण तिने उचललं, तर खालच्या कोऱ्या कागदावर त्या लेखाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटलेला. इतक्या वर्षांनीही तो माणूस शेजारच्याला पोळतोय. शास्त्राने माझी बाजू घेतलेला हा एकमेव क्षण.

एका वहीवर पाण्याचे डाग होते. "भिजली तेव्हा लगेच पंख्याखाली सुटी करून ठेवायला हवी होती. दोन दिवसांत बुरशी धरते. वेळ नसेल तर गोठवायची." "गोठवायची कुठे?" "फ्रीजरमध्ये." आतून आवाज आला, "माझ्या फ्रीजरमध्ये नाही." तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या असं आपण ऐकत आलो. तिथे ना फ्रीजर लागला ना सुट्या पानांची यातायात. पण तशी सोय सगळ्यांनाच होत नाही, त्यासाठी लेखनही तसं लागतं.

असो. आता मुख्य अपमान.

डायऱ्यांसाठी मी मनाशी एक प्रवेश बसवून ठेवला होता. मी खिडकीबाहेर बघणार, थोडा थांबणार आणि म्हणणार, "या मात्र पन्नास वर्षं उघडायच्या नाहीत." तशी पद्धत असते. देणारा मुदत घालू शकतो आणि तोवर खोकं बंद. मी खिडकीबाहेर बघितलं, थांबलो आणि म्हणालो.

ती तेव्हा बुरशी शोधायला एक डायरी उजेडात तिरपी धरून बसली होती.

"पन्नास?"

"पन्नास."

"कशासाठी, सर?"

"त्यातली काही माणसं हयात आहेत."

"हो, पण..." तिने पान माझ्याकडे वळवलं. "'आज दिवसभर लाईट नव्हती. काही सुचलं नाही.'"

"पुढचं वाचा."

"'आजही नाही.'"

"बरं मग?"

"काय आजही नाही, सर? लाईट नाही की सुचलं नाही?"

"संदर्भाने कळतं ते."

"संदर्भ पुढच्या पानावर असेल." तिने उलटलं. "'कालच्यासारखंच.'"

मी म्हटलं, मधली काही पानं स्फोटक आहेत. तिने मधलं उघडलं. "'क्ष भेटला. नेहमीप्रमाणेच वागला.' क्ष कोण, सर? सूचीत नाव लागेल."

क्ष कोण हे मला आठवेना. त्याच्यावरचा राग मात्र तसाच ताजा होता. मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला शक्य तेवढं गूढ केलं.

"मुदतीचं कारण फॉर्मवर लिहावं लागतं," तिने पेन्सिल सरसावली. त्या लोकांत शाई चालत नाही, सगळं पेन्सिलीने. "काय लिहू?"

"लाज लिही गं," आतून बायको.

घासाघीस होऊन दहा वर्षांवर आलो. तेही "तुम्हाला बरं वाटणार असेल तर" असं म्हणून.

आता बघा. इंग्रज कवी बायरन १८२४ साली गेला आणि महिन्याभरात त्याच्या मित्रांनी आणि प्रकाशकाने मिळून त्याच्या आठवणींची बाडं लंडनमध्ये प्रकाशकाच्या घरच्या शेगडीत घातली. असल्या डायऱ्या! लेखक काफ्काने १९२४ साली मरताना मित्राला सांगून ठेवलं होतं, सगळं न वाचता जाळ. मित्र ब्रोड ऐकला नाही. १९३९ साली प्रागमधून पळताना बॅगेत काफ्काचे कागद घेऊन पळाला. पुढे त्या कागदांवरून खटले चालले ते २०१६पर्यंत. माझ्या बाबतीत एकही मित्र काडी ओढणार नाही आणि एकही बॅग भरणार नाही. दोन्हींपैकी काहीतरी व्हावं एवढीच माणसाची अपेक्षा असते.

सॅम्युएल पीप्सचं तर मला फार कौतुक आहे. १६६० ते १६६९ गड्याने लघुलिपीत डायरी लिहिली, बायकोला कळू नये म्हणूनही असेल, आणि तीन हजार पुस्तकांच्या संग्रहात ती केंब्रिजच्या एका कॉलेजला ठेवून दिली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याला ती वाचायला बसवलं. बिचारा तीन वर्षं डोकं आपटत होता. त्या लघुलिपीचं शिकवणीपुस्तक त्याच संग्रहात, वरच्याच फळ्यांवर होतं. स्मिथला कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे मोडीची सोय होती, मी तीही साधली नाही. सरळ बाळबोध लिहीत बसलो, म्हणून ही मुलगी घडाघडा वाचू शकली.

पत्रांची गोष्ट आणखी विचित्र. तिला पत्रं हवी होती. "मोठ्यांची आहेत का?" असं स्पष्टच विचारलं. आहेत, म्हटलं. मग कळलं की मला आलेल्या पत्राचा कागद तेवढा माझा, त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा. त्याच्या किंवा वारसांच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. आणि मी लिहिलेल्या पत्रांचा मजकूर माझा, पण कागद लोकांच्या घरी. म्हणजे जवळ आहे ते माझं नाही आणि माझं आहे ते जवळ नाही. यातलं काय मी देणगी म्हणून देतोय, असं मी विचारलं. "सद्भावना," ती म्हणाली. विनोद करत नव्हती.

आणि ज्या कादंबऱ्यांच्या स्वच्छ प्रती मी मखमली कापडात बांधून ठेवल्या होत्या, त्या तिने सोडल्याही नाहीत. "छापल्यात ना? मग पुस्तक आहेच." तिला खाडाखोड हवी होती. लाइट बिलाच्या मागे लिहिलेले परिच्छेद, साभार परतीच्या चिठ्ठ्या, किराण्याची यादी आणि त्याखाली अर्धवट कविता. त्या यादीवर ती अक्षरशः हरखली. पाच मिनिटं वाचत होती. माझं एवढं मन लावून कुणी काही वाचल्याचं अलीकडे आठवत नाही, आणि वाचत होती ती डाळीपर्यंतच. कविता त्याखाली होती.

इथे मला खरंच राग येतो. माणूस जिवंत असताना त्याची पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, ग्रंथालयात सापडत नाहीत, प्रकाशक दुसरी आवृत्ती काढत नाही. आणि त्याच्या किराण्याच्या यादीला आम्लविरहित कागदाचं खोकं, कमी उजेड आणि दमटपणा मोजणारं यंत्र. काळजी आहे, पण ती सगळी माझ्यामागे येऊन उभी राहणार; समोर कुणी नाही.

त्यातून जे खरंच बुडतंय त्याला कुणी वाली नाही. दोन कादंबऱ्या मी संगणकावर लिहिल्या, जुन्या मराठी फाँटात, युनिकोड यायच्या आधीच्या. आज फाईल उघडली की पडद्यावर कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि रोमन अक्षरांची भेळ. नायिका मरते त्या प्रकरणात आता फक्त अर्धविराम आहेत. सलमान रश्दींचे जुने मॅकिंटॉश अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने जपले. वाचक तिथे बसून त्यांच्या फायली त्यांनी पाहिल्या तशाच पाहू शकतात. माझी फ्लॉपी मी त्या मुलीला दाखवली. "छान," ती म्हणाली, "खोक्यात ठेवू." म्हणजे वस्तू म्हणून. आतलं कोण वाचणार? त्याचं उत्तर फॉर्मवर नव्हतं. पेन्सिलीने लिहिलेली लाईट नसलेली डायरी शे-दीडशे वर्षं टिकेल, आणि जी कादंबरी मला स्वतःला बरी वाटते ती मात्र मेली.

काल संग्रहाकडून यादी आली. पत्रव्यवहार तीन खोकी, देयके व पावत्या दोन, याद्या व टिपणे दोन, दैनंदिनी तीन, आणि एक खोकं "संकीर्ण". संकीर्णमध्ये काय, ते खाली बारीक अक्षरांत: कथा, कविता, कादंबऱ्या इत्यादी.

त्या "इत्यादी"बद्दल त्यांना मी आज एक खरमरीत पत्र लिहिलंय. चांगलं दोन पानी आहे, खाडाखोडीसकट पाठवतोय म्हणजे आवडेल. पिन लावलेली नाही.