अहो, तेवढं टेबल बघा

घरी चाळीसेक माणसं जेवायला यायची असली की कामांची वाटणी होते, आणि स्वयंपाकघरात ज्याची अडचणच जास्त होते त्याच्या वाट्याला टेबल येतं. आईच्या पंचाहत्तरीला ते माझ्याकडे आलं. "अहो, तेवढं टेबल बघा," बायको म्हणाली. ‘तेवढं’ म्हणजे दहा पदार्थ, पाच फूट बाय तीन फुटांचं डायनिंग टेबल, मे महिन्यातलं पुणं आणि मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो. त्या फोटोंतल्या टेबलांवर जेवण कमी आणि झाडपाला जास्त होता. "बाबा, साधारण असं हवं," असा खाली निरोप.

केटरर सांगायला आईचा साफ नकार. "घरच्या कार्याला बाहेरच्या पुऱ्या?" पुऱ्या लाटायला आई बसणार नव्हती, एवढं इथे नमूद करून पुढे जातो.

पंगतीत हा घोळ नव्हता. पानावर कशाची जागा कुठे ते ठरलेलं. वर मध्यावर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, समोर भाताची मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. वाढणाऱ्याला सौंदर्यदृष्टी असावी अशी कुणाची अपेक्षा नसायची, पाठांतर पुरायचं. बुफेच्या टेबलाला असं काही शास्त्र नाही. एवढंच सगळे सांगतात की ताटं सुरुवातीला ठेवा आणि चमचे-नॅपकिन शेवटी, म्हणजे वाढून घेताना हात अडकत नाहीत. मधल्या पाच फुटांचं काय करायचं हे ज्याने त्याने बघायचं.

मी पद्धतशीर माणूस आहे. मेन्यू कागदावर उतरवला आणि प्रत्येक पदार्थापुढे रंग लिहिला. आमरस, पिवळा. बटाट्याची भाजी, पिवळी. वरण, पिवळं. मसालेभात, पिवळाच. वहिनी ढोकळा आणणार होत्या, तो तर पिवळाधम्मक. उरले मठ्ठा, साधा भात, अळूवडी आणि कोशिंबीर. आपलं सणासुदीचं जेवण चवीला नाना तऱ्हेचं असतं, पण दिसायला सगळं एकाच डब्यातल्या रंगात बुडवून काढल्यासारखं. फोटोतल्या टेबलांवर जांभळी द्राक्षं होती, लालबुंद स्ट्रॉबेऱ्या होत्या. आमच्याकडे हळद होती.

"बटाट्याच्या भाजीत रंगासाठी काही करता येईल का?" मी बायकोला विचारलं.

"बीट घालू?" ती म्हणाली. हा होकार नव्हता, हे मला तीस वर्षांच्या संसारामुळे कळतं.

मग मी नियम केला: दोन पिवळे पदार्थ शेजारी येऊ द्यायचे नाहीत. पाच पिवळे, चार बिगरपिवळे, हिशेब चोख बसत होता. प्रश्न पुरीचा आला. पुरी पिवळ्यात धरली तर मध्ये ठेवायला पदार्थ कमी पडतो, तपकिरीत धरली तर भागतं. शेवटी मी पुरी ‘सोनेरी’ या वेगळ्या वर्गात टाकली आणि आराखडा पूर्ण केला. आईने चष्मा लावून तो वाचला.

"वरण आणि भाताच्या मध्ये अळूवडी?"

"रंगासाठी."

"माणसं भात घेऊन वरणापर्यंत अळूवडीला वळसा घालून जाणार का?"

वरण-भात एकत्र आले. त्याबरोबर भाजी मसालेभाताला चिकटली, ढोकळा आमरसाला चिकटला आणि टेबलाची डावी बाजू पुन्हा हळदीकडे गेली. रंगाची सगळी जबाबदारी मग कोशिंबिरीवर आली. ती बिचारी काकडी-दाण्याची असते, तिला गाजर, डाळिंब आणि कोथिंबीर घालून बढती दिली. बीट बायकोनेच हाणून पाडलं, कारण बीट दह्यात पडलं की दही गुलाबी, आणि गुलाबी कोशिंबीर आमच्या नातेवाइकांत कोणी घेत नाही.

टेबलक्लॉथ मुलीला पांढराशुभ्र हवा होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि मग उन्हात दिवसभर वाळवल्यावर फिका पडतो, हे शास्त्र आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे आणि सगळ्यांनी ते मला एकाच वेळी सांगितलं. तेव्हा पांढरा रद्द. आईच्या ट्रंकेतून आजीची हिरवी इरकल निघाली, लाल काठाची. टेबलावर अंथरली आणि खरं सांगतो, काय दिसली! निम्मा रंगाचा प्रश्न तिथेच सुटला. वहिनी मात्र काठावरून हात फिरवत म्हणाल्या, "ही मला माझ्या डोहाळजेवणाला मिळायची होती." त्यांचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. आईने तिकडे ऐकूच न आल्यासारखं केलं.

भांडी पितळेची हवीत, हा मुलीचा पुढचा हुकूम. माळ्यावरून दोन पातेली आणि एक परात काढली, चिंच आणि मीठ लावून घासली. चिंच लागली की पितळ ज्या वेगाने उजळतं ते बघण्यासारखं असतं, काळ्या भांड्यावर बोट फिरवलं की मागे सोन्याची रेघ उठते. आई मागे उभी राहून बघत होती. सगळं लख्ख झाल्यावर तिने विचारलं, "यात काय ठेवणार?"

"मठ्ठा."

"आत कल्हई आहे का?"

आतून बाहेरून सारखंच पिवळं दिसत होतं, म्हणजे नव्हती. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतो. मठ्ठा बाद, कोशिंबीर बाद, लिंबू पिळलेली भाजी बाद, आमरसाचं तर नावही काढायचं नाही. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन दारावर यायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि कापसाचा बोळा फिरला की भांडं आतून चांदीचं व्हायचं. आमच्या भागात आता कोणी फिरकत नाही. शेवटी पितळेच्या पातेल्यात स्टीलचं पातेलं बसवलं. बाहेरून परंपरा, आतून सोय. हे मला आमच्या एकूण कुटुंबाबद्दलही म्हणता येईल, पण विषय टेबलाचा आहे.

टेबल सपाट दिसता कामा नये, मागचे पदार्थ उंच आणि पुढचे खाली असावेत, म्हणजे नजर चढत जाते, असं एक तत्त्व आहे. ते मला पटलं. घरात उंच वस्तू म्हणजे देवघरातला चौरंग आणि दोन पाट. चौरंगावर अळूवडीचं ताट ठेवलं तेव्हा सगळं ठीक होतं. मी जागा बदलून तिथे मसालेभात ठेवला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यात कांदा आहे!" सत्यनारायण बसतो त्या चौरंगावर कांदा चढणार नव्हता. चौरंगावर आमरस गेला, मसालेभात पाटावर आला. पाटावर माणसं बसतात, त्यामुळे तिथे कांदा चालतो.

आमरसाची आणखी एक गंमत. आईच्या हट्टामुळे रस पायरीचा होता, आणि चौरंगावर, केळीच्या पानावर तो असा काही शोभत होता की बस. पण उघडा राहिला की वरून काळपट पडतो. टेबलावरचा सगळ्यात देखणा पदार्थ म्हणून मला झाकून ठेवावा लागला. मंडईतून आणलेली केळीची पानं गॅसच्या आचेवरून हलकेच फिरवून घेतली होती, म्हणजे ती दुमडताना फाटत नाहीत. एवढी एक गोष्ट कुणालाही न विचारता जमली, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोललंही नाही.

गरम पदार्थांसाठी गल्लीतल्या भांडीवाल्याकडून चेफिंग डिश भाड्याने आणल्या. खाली पाण्याचा ट्रे, त्याखाली जळणाऱ्या जेलीच्या डब्या. मुलीने फोनवर बजावलं की गरम पदार्थ साठ अंशांच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर दोन तासांत उचलायचा. ट्रेमध्ये आधीच कढत पाणी ओतलं, डब्या पेटवल्या, निळी ज्योत छान लागली. मग मामांनी येऊन पंखा लावला. ज्योत विझली. मी पंखा बंद केला, पाहुणे विझायला लागले. त्यानंतर पंख्याचं बटण हा त्या संध्याकाळचा सर्वांत वर्दळीचा भाग होता. चेफिंग डिशच्या वाफेने शेजारच्या कुरडया मऊ पडायला लागल्या, तेव्हा त्यांना फ्रिजवर नेऊन ठेवलं, आणि ज्यांना कुरडया कुठे आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही ते अजून बोलून दाखवतात.

भाच्याने प्रत्येक पदार्थाच्या नावाच्या पाट्या छापून आणल्या होत्या. ‘मसालेभात (कांदा आहे)’ ही उपयोगाची. ‘पुरी’ या पाटीपुढे मात्र मामा बराच वेळ उभे राहिले. "हे आम्हाला ओळखू येत नाही असं वाटलं का रे?"

आणि शेवटचा हात म्हणून गाजराचे गुलाब. यूट्यूबवर बाई पंधरा सेकंदांत करते. गाजर सालकाढ्याने लांब पट्ट्यांत सोलायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं, पट्ट्या आपोआप वळतात, त्या गुंडाळून टूथपिक टोचायची. आमच्याकडे जमलेले गुलाब मध्यभागी काचेच्या बशीत ठेवले. माझ्या मते सुंदर होते. शेजारच्या काकूंनी "हे लोणचं आहे का?" असं विचारलं, पण त्यांना मोतीबिंदू आहे.

सात वाजता टेबल तयार. हिरवी इरकल, पितळ, केळीची पानं, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले पदार्थ. मुलगी बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा! भारी!" आणि मग मराठी बुफेत होतं ते झालं: कोणीच सुरुवात करेना. "घ्या ना." "नाही, आधी तुम्ही." "मोठ्यांना वाढा." ताटांच्या चळतीभोवती चाळीस माणसं अदबीने उभी. शेवटी एका मुलाने थेट आमरसाचं झाकण उचललं आणि कोंडी फुटली. एक रांग डावीकडून निघाली, दुसरी उजवीकडून. दोन्ही वरणापाशी भेटल्या आणि तिथे बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या दोन मावसबहिणी असल्यामुळे तिथेच थांबल्या.

आई खुर्चीत बसून हे बघत होती. पाच मिनिटं तिने सहन केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लोकं आपल्या हाताने वाढून घेतायत. बरं दिसतं का?"

"आई, बुफे आहे."

"असेल."

ती उठली, चौरंगावरून आमरसाचं पातेलं उचललं आणि फिरायला लागली. "वाटीभर रसाने काय होतंय? धरा वाटी." "जावईबापू, लाजायचं नाही." पंचाहत्तरीच्या बाईला नाही कोण म्हणणार? तिचं बघून मावशींनी ढोकळ्याचं ताट काढलं. वहिनी मठ्ठ्याचं पातेलं घेऊन निघाल्या, बाहेरचं पितळेचं तसंच टेबलावर राहिलं, रिकामं. बायको स्वयंपाकघरातून टम्म फुगलेल्या पुऱ्यांची चाळण घेऊन टेबलाकडे न बघता सरळ पाहुण्यांत शिरली आणि तिच्यामागे माणसं वळली. गरम पुरी समोर आल्यावर सोनेरी वर्गाच्या जुन्या पुऱ्यांकडे कोण बघतो? भाजीचा डाव मामांच्या हातात गेला. थोड्याच वेळात आमच्या हॉलमध्ये रीतसर पंगत चालू होती, फक्त जेवणारे उभे होते आणि वाढणाऱ्यांना त्यांच्यामागे पळावं लागत होतं.

टेबलावर आता चौरंग, पाट, पाट्या आणि पितळ उरलं होतं. ‘आमरस’ लिहिलेल्या पाटीमागे कोणीतरी खरकटं ताट ठेवून गेलं होतं. गाजराचे गुलाब मात्र जसेच्या तसे, एकालाही हात लागलेला नाही. मी ते फ्रिजमध्ये ठेवले, पुन्हा उपयोगी पडतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तर ताटात डाव्या बाजूला गाजराची कोशिंबीर. "टूथपिक सगळ्या काढल्यात," बायको म्हणाली, "तरी जरा बघून खा."