गोळा लोटणाराच का?

शेणातल्या किड्यांवरून केलेल्या चित्रांबद्दलचा हा लेख आवडला. पण चित्रकार मंडळी नेहमी शेणाचा गोळा लोटणारा भुंगेराच का काढतात? इजिप्शियनांनी त्याला सूर्यदेव खेप्रीचे रूप दिले, तेव्हापासून सगळे त्याच्याच मागे. बहुतेक जाती गोळा लोटतच नाहीत. त्या पोवटीखाली, म्हणजे शेणाच्या पोखाली, बोगदे खणून शेण आत नेतात आणि त्यात अंडी घालतात. शिंगवाले नर त्या अंधारात एकमेकांना रेटतात. ऑन्थोफॅगस टॉरस नावाचा भुंगेरा स्वतःच्या वजनाच्या 1,141 पट भार ओढतो, असे 2010 मध्ये मोजले गेले. कुणीतरी या बोगद्यांत प्लास्टर ओतून साचे काढावेत, मस्त शिल्पे होतील. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला सकाळी पोवटी काडीने उलटा, खाली ताजी माती आणि भोके दिसतील. (कला महाविद्यालयातल्या पोरांनी नाक मुरडू नये.)

आणखी एक. गुरांना दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंताच्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि त्यातल्या अळ्या मरतात. शिवाय आमच्या म्हापशाकडची मोकाट गुरे डांबरावरच बसतात. तिथे शेण पडले तरी भुंगेऱ्याने खणायचे कुठे? हेही चित्रात यायला हवे होते.