"सोसा, तोच तुमचा क्रूस" : या फॉरवर्डला माझं उत्तर

लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) सुरू झाला की आपल्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो, यंदा माहेरच्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर पण आला आणि सासरच्या पण. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो त्याला जास्त दुःख देतो. खरा विश्वासणारा तक्रार करत नाही, येशूसुद्धा गप्प राहिला. नवरा मारकुटा असो, सासू छळणारी असो, आजार असो, तो तुमचा क्रूस आहे, खाली ठेवायचा नाही. डॉक्टर आणि कोर्टाच्या मागे पळणं म्हणजे विश्वास कच्चा. आणि सगळे संत दुःख शोधत गेले म्हणूनच संत झाले. खाली काट्यांच्या मुकुटाचा फोटो आणि "आमेन लिहा". आमेन लिहिणाऱ्यांची रांग बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी जे बरोबर आहे ते. येशूने रोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या म्हटलंय (लूक ९:२३), आणि प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की संकटाने धीर येतो, धीराने शील आणि शीलाने आशा. टीव्हीवर सूटबूट घालून "दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) द्या, देव गाडी देईल" सांगणाऱ्यांपेक्षा हा मेसेज पाठवणारे मला कधीही जवळचे. पण पौल संकटातून काय निघू शकतं ते सांगतोय, संकट हीच चांगली गोष्ट असं नाही म्हणत. आणि तोच पौल करिंथकरांना सांगतो की मी माझं शरीर जाळायला दिलं पण माझ्यात प्रीती नसेल तर मला काहीच लाभ नाही. म्हणजे त्यागाची किंमत प्रीतीवर ठरते, किती दुखलं त्यावर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मेसेजमधला एकेक दावा इथेच घसरतो.

"जास्त प्रेम तर जास्त दुःख." मग गालीलात गावोगाव आजारी लोकांना बरं करत फिरणारा येशू काय त्यांची आत्मिक प्रगती अडवत होता का? रक्तस्रावाची बाई बारा वर्षं सोसत होती, या हिशोबाने तिला तेरावं वर्ष पण द्यायला हवं होतं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तेव्हा येशूने दोन्ही नाकारलं आणि त्याला दृष्टी दिली. जुन्या करारातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र तर पानंच्या पानं त्याच्या दुःखाचं कारण समजावत बसले, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, उलट रडणाऱ्या भांडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणाला की हा माझ्याविषयी योग्य बोलला. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण बाहेर बसून लावायला गेलो की आपण त्या मित्रांच्याच बाकावर बसतो.

"खरा विश्वासणारा तक्रार करत नाही." पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी प्रार्थना केली की नाही? तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे नंतर आलं, आधी मागणं आलं. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही ते वेगळं, पण मागितलं म्हणून देव ओरडला नाही, कृपा पुरे आहे म्हणाला. आणि स्तोत्र ८८ काढून वाचा कधीतरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्रार, शेवट पण अंधारातच, तरी ते शास्त्रात आहे. आपल्याकडे साक्षीच्या वेळी (देवाने काय केलं ते मंडळीत सांगतात तेव्हा) सगळ्यांना विजयाचीच गोष्ट हवी असते त्यामुळे हे स्तोत्र कोणी वाचत नाही. येशू गप्प राहिला म्हणता तर तो सगळीकडे गप्प नव्हता, प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं की मी योग्य बोललो तर मला का मारतोस.

आता नवऱ्याचा मुद्दा, कारण खरं नुकसान या ओळीने होतंय. कितीतरी बायकांना पाळकांनी नाहीतर महिला मंडळातल्या एखाद्या मावशींनी हेच ऐकवलेलं असतं, ताई प्रार्थना करा, सोसा, तुमच्या सोसण्यामुळे तो बदलेल. आधार म्हणून येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रातला मार सोसणाऱ्या दासांचा उतारा काढतात. अहो ते पत्र ज्या दासांना लिहिलंय त्यांच्या हातात कुठला कायदा होता? ज्याच्या हातात कायदा होता त्या पौलाने तो वापरला. यरुशलेमात चाबकाचे फटके मारायला बांधत होते तेव्हा त्याने रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारता येतात का असं विचारलं आणि फटके टळले. फिलिप्पैत तर आधी मार खाल्ला, मग गुपचूप सोडायला लागले तर म्हणाला की गुपचूप नाही, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं. पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे अपील केलं. याला कोणी विश्वास कच्चा म्हणेल का? आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फिरवणारी बहीण पौलाने केलं तेच करतेय.

आणि येशूचा क्रूस कसला होता ते बघा ना. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला, मुकाट मेला नाही. माझा प्राण कोणी घेत नाही, मी स्वतः देतो असं तो म्हणतो. जे स्वतः होऊन, कोणासाठी तरी दिलं जातं तो त्याग. जे दुसरा आपल्यावर लादतो आणि वर त्याला पवित्र नाव देतो तो जाच.

माक्सिमिलियन कोल्बे सगळ्यांना माहीत असतील, पोलंडचे फ्रान्सिस्कन फादर. १९४१ मध्ये नाझींच्या ऑशवित्झ छावणीत एक कैदी पळाला म्हणून शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं, त्यातला फ्रान्सिशेक गायोवनिचेक बायकोमुलांसाठी रडायला लागला, आणि कोल्बे पुढे येऊन म्हणाले त्याच्याजागी मला घ्या. आता मेसेजचं लॉजिक लावा. कोल्बेंनी त्याला म्हणायला पाहिजे होतं, भावा हा तुझा क्रूस आहे, आनंदाने उचल, आमेन. म्हणाले का? दुसऱ्याचा क्रूस त्यांनी स्वतःवर घेतला. तो माणूस जगला आणि १९८२ ला कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा तिथे हजर होता. ज्याला सोसावं लागत नाहीये त्याने ज्याला सोसावं लागतंय त्याला त्यागावर प्रवचन देणं हे याच्या बरोब्बर उलटं आहे, आणि घरात पण बघा, त्याग नेहमी कोणाच्या वाट्याला येतो आणि त्याचं कौतुक कोण करतं.

डॉक्टरचा मुद्दा एका ओळीत संपतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि पौलाने आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, नुसता उपास कर असं नाही. शुगरच्या गोळ्या बंद करून साक्ष देऊ नका प्लीज.

राहिले संत. स्मुर्ण्याचा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकात जिवंत जाळायच्या शिक्षेला सामोरा गेला, पण त्याआधी लोकांच्या आग्रहाने तो शहराबाहेर शेतावर जाऊन राहिला होता. त्याच्या मंडळीने जे पत्र लिहिलं त्यात क्विंटस नावाच्या एकाची गोष्ट आहे, हा स्वतःहून पकडून घ्यायला गेला आणि आखाड्यातली हिंस्र जनावरं बघून घाबरून विश्वास नाकारून बसला, आणि पत्र स्पष्ट म्हणतं की स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही. १३४९ मध्ये प्लेगच्या काळात रस्त्यावर स्वतःला चाबकाने फोडून घेणाऱ्यांचे जथ्थे निघाले तर पोप सहावे क्लेमेंट यांनी त्यावर बंदी घातली.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाई घ्या. आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला, १९२१ ला मुलगी मनोरमा गेली. दुःख कमी नव्हतं. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या तेव्हा तिथल्या पोरींना सोसा म्हणाल्या नाहीत, शेकडोंना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना जेवण, छप्पर, शिक्षण, हाताला काम दिलं. स्वतःची भूक आठवत होती म्हणून दुसऱ्याची दिसली, दुःखातून वाढणं म्हणतात ते मला तरी इथे दिसतं.

आणि "आत्म्याची काळोखी रात्र" म्हणून ज्याचं नाव अशा मेसेजांत हमखास असतं तो स्पेनचा कार्मेलाइट संन्यासी, क्रूसाचा संत योहान, त्याला त्याच्याच संघाच्या लोकांनी १५७७ च्या डिसेंबरात टोलेडोला कोंडलं, एवढीशी अंधारी खोली, चाबूक, उपासमार. तिथे त्याने कविता रचल्या, हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. १५७८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याने पांघरुणाच्या पट्ट्या बांधून खिडकीतून दोर सोडला आणि पळाला. गावातल्या, त्याच्याच संघातल्या पण त्याच्या बाजूच्या कार्मेलाइट नन्सच्या मठाचं दार वाजवलं, त्यांनी त्याला आत घेतलं, आणि मागून शोधायला आलेल्यांना तो काही सापडला नाही.